भुंगेऱ्याच्या चिलखताचं नुकसान : पुरवणी जबाब

तारीख १७, वार शनिवार, वेळ सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

नाव बुधवारच्या जबाबात लिहिलं आहे तेच. वय ६० वर्षं, धंदा मोटारींना रंग देण्याचा, राहणार तिसरा मजला, जिना चढून डाव्या हाताचं दार. बुधवारच्या माझ्या जबाबातला एवढाच भाग खरा आहे. बाकीचा दुरुस्त करण्यासाठी मी आज कोणी न बोलावता, स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

माझ्या घरी मी, पत्नी आणि एकुलती एक मुलगी असे तिघं राहतो. मुलगी वय २९, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवण्याचं काम करते. अविवाहित आहे. हवालदारसाहेबांनी त्यावर पुढे काही विचारलं नाही याबद्दल मी आभारी आहे, कारण बाकी झाडून सगळे विचारतात.

गेले अकरा महिने माझी मुलगी राहत्या घरी भुंगेऱ्याचं चिलखत तयार करत होती. भुंगेरा म्हणजे कडक पाठीचा, दिव्यावर येऊन धाडकन आपटणारा किडा. चिलखत फोमचं, माणसाला अंगात घालून चालता येईल असं, शिंग धरून साडेसात फूट उंच. 'कशासाठी?' असं साहेबांनी विचारलं. हाच प्रश्न मी अकरा महिने विचारत होतो. तर मोठ्या माणसांची वेशभूषेची स्पर्धा असते. दोनशेहून जास्त लोकांनी फोटो पाठवले होते, त्यातून पंधरा जणांना बोलावलं, त्यात माझी मुलगी आहे. स्पर्धा उद्या रविवारी दुपारी चार वाजता आहे. बक्षीस काय आहे ते मला माहीत नाही. ती बक्षिसासाठी करत नव्हती, असं तिचं म्हणणं होतं, आणि आता मला ते पटतं.

सदर चिलखतामुळे घराची जी दशा झाली ती सांगणं जरूर आहे, नाहीतर मी उगाच चिडका ठरेन. बाहेरच्या खोलीतला कोच आमच्या झोपायच्या खोलीत आला आणि आम्ही दोघं कोचाला वळसा घालून पलंगावर चढू लागलो. चपला चिकटवायच्या सोल्युशनचा वास पडद्यांत बसला. फोमची भुकटी चहाच्या कपात, उशीवर आणि माझ्या मिशीत मिळून येत असे. एका रविवारी मुलीने अंगाचं माप घ्यायचं म्हणून स्वतःला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या कागदात आणि चिकटपट्टीत गुंडाळून घेतलं, आणि पत्नी हातात मोठी कात्री घेऊन तिला पाठीवरून कापून बाहेर काढत होती. तेवढ्यात गॅसची टाकी आली. टाकी आणणारा माणूस ते बघून टाकी दारातच ठेवून सही न घेता गेला. तो अजूनही टाकी आणली की खालूनच हाक मारतो.

चिलखताची छाती, पोट, हात आणि पाय हे जमिनीवर अंथरायच्या मऊ फोमच्या चटया कापून केलेले होते. पाठीवरचे दोन मोठे पंख, डोकं आणि शिंग हे दुसऱ्या, कडक आणि हलक्या, थर्माकोलच्या जातीच्या फोममधून कोरलेले होते. मऊ फोम एवढ्या मोठ्या मापात ताठ राहत नाही आणि जड होतो. नाकापेक्षा मोती जड व्हायला नको म्हणून तिने हा कडक फोम घेतला. फोम दोन जातींचा आहे हे मला आज माहीत आहे. बुधवारी माहीत नव्हतं. मी तिला अकरा महिन्यांत शंभर प्रश्न विचारले, पण ते सगळे 'हे कधी संपणार?' या जातीचे होते.

मी पस्तीस वर्षं मोटारी रंगवतो. दुसऱ्याचं ओबडधोबड रंगकाम माझ्या डोळ्याला सहन होत नाही. हा माझा दोष आहे असं पत्नी म्हणते. मुलगी ब्रशने आणि डबीतल्या पाण्याच्या रंगाने तो भुंगेरा रंगवणार होती. मी तिला दोनदा म्हणालो की मला दे. दुसऱ्यांदा, म्हणजे गेल्या रविवारी, आमची बोलाचाली झाली ती अशी :

"बाबा, हात लावायचा नाही."

"अगं, नुसता शेवटचा हात फिरवतो. बाकी सगळं तुझंच."

"शेवटचाच नको. तुमचा शेवटचा हात फिरला की ते तुमचं होतं."

"म्हणजे काय?"

"दीपगृह आठवतंय?"

मला आठवत होतं. ती चौथीत असताना शाळेसाठी तिने पुठ्ठ्याचं दीपगृह केलं होतं. ते वाकडं होतं. मी गॅरेजमध्ये नेऊन ते सरळ केलं, रंग मारला, आत दिवा बसवला, तो फिरता केला. पहिलं बक्षीस आलं. तो पेला आमच्या कपाटात आहे आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. ती म्हणाली, "तो पेला तुमचा आहे, बाबा. मी स्टेजवर गेले तेव्हा बाईंनी मला विचारलं, हा दिवा कसा फिरतो? सगळी शाळा बघत होती. मला माहीतच नव्हतं."

यावर मी 'बरं' म्हणालो. ते मनापासून नव्हतं. मला राग आला होता. एकोणीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट माणूस अशी भर दुपारी काढतो का? त्याच दिवशी तिने पंखांवर एक कागद चिकटवला, 'हात लावू नये'. घरात आम्ही तिघंच. त्यातली पत्नी कशाला हात लावत नाही. तेव्हा तो कागद कोणासाठी होता हे सांगायची गरज नाही.

आमच्या वर चौथ्या मजल्यावर वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक एकटे राहतात. वय ७१. इमारतीत त्यांना सगळे अर्जकाका म्हणतात. जिन्यात दिवा गेला, अर्ज. कोणाची सायकल वाटेत, अर्ज. सोल्युशनच्या वासाबद्दल त्यांनी आम्हाला सात अर्ज दिले, सगळे क्रमांक घालून. आधीच घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं. सातव्या अर्जात शेवटी असं वाक्य होतं : 'सदर दुर्गंधी न थांबल्यास मी स्वतः योग्य ती कारवाई करीन.' हा कागद बुधवारी मीच या टेबलावर ठेवला होता.

आता बुधवार, तारीख १४. गॅरेजला बुधवारी सुट्टी असते. सकाळी सव्वानऊला मुलगी कामावर गेली. दहा वाजता पत्नी तिच्या बहिणीकडे गेली, ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी आदल्या संध्याकाळी गॅरेजमधून लहान कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन आणून पाण्याच्या मीटरच्या कपाटात लपवली होती. म्हणजे हे अचानक झालं, मोहात झालं, असं मला म्हणता येत नाही. गॅरेजमध्ये एका गाडीच्या कामातून उरलेला अर्धा डबा होता. त्या रंगाकडे समोरून पाहिलं तर हिरवा, वाकून पाहिलं तर निळा, कडेला जांभळट. खऱ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर उन्हात जी चमक असते, तीच. तिने डबीतून आणलेला हिरवा रंग म्हणजे बाकड्याला मारायचा हिरवा. मला वाटलं, ती संध्याकाळी येईल, दिवा लावेल, आणि मग बोलायची काय बिशाद आहे. मला वाटलं, ती दीपगृहाचं विसरेल.

पंखांवरचा तो कागद मी काळजीपूर्वक सोडवून खिशात घातला, नंतर परत चिकटवता यावा म्हणून. सदर कागद हजर करतो. दोन पंख, डोकं आणि शिंग असे चार भाग मी चार खेपांत गच्चीवर नेले. धड घरातच राहिलं.

मी अडाण्यासारखं काम सुरू केलं असं कोणी म्हणू नये. मी आधी नमुना पाहिला. घरातल्या कचऱ्याच्या पेटीतून फोमचा एक तुकडा घेतला, त्यावर रंग मारला, वीस मिनिटं थांबलो. रंग छान बसला. तो तुकडा मऊ चटईचा होता.

मग मी पंख पाहिले. त्यांवर पांढऱ्या गोंदाचे थर होते. ब्रशने दिलेले, त्यामुळे वरून संत्र्याच्या सालीसारखं बारीक उंचसखल दिसत होतं. आमच्या धंद्यात अशा कामावर कोणी रंग मारत नाही. घासल्याशिवाय रंग धरत नाही, हे मी धंद्यात पहिल्याच वर्षी शिकलो. म्हणून मी चारशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन साडेदहापासून दीडपर्यंत ते चारही भाग घासले. गोंद पार निघेपर्यंत घासले. तो गोंद तिने शोभेसाठी नव्हे, आतला फोम रंगापासून वाचावा म्हणून एकावर एक वाळवत दिला होता, हे तिने बुधवारी रात्री पत्नीला सांगितलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. तिने ते महिनाभर केलं होतं. मी ते तीन तासांत काढलं, आणि काढताना गाणं गुणगुणत होतो.

इथे एक गोष्ट लिहून घ्यावी. हवालदारसाहेब म्हणाले, गुन्ह्याशी संबंध नाही. मी म्हणालो, तरी लिहा. पंख तीन-तीन तुकडे जोडून केलेले होते. घासताना मी सांधा शोधत होतो. गाडीचा पत्रा कुठे जोडला आहे ते मी डोळे मिटून बोटाने सांगतो, पस्तीस वर्षांत चुकलो नाही. त्या पंखांवर मला सांधा सापडला नाही. मी दोनदा बोट फिरवलं. इतकं चांगलं काम मी माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणाच्या हातून पाहिलेलं नाही. ते मी तिला सांगितलेलं नाही. त्या वेळी मी मनात म्हणालो, वा, आता यावर माझा रंग, मग बघायलाच नको.

दोन वाजून दहा मिनिटांनी रंग मारायला सुरुवात केली. गाडीचे सगळे भाग एका दमात मारायचे असतात, नाहीतर छटा जुळत नाही. म्हणून मी थांबून मागे न बघता डावा पंख, उजवा पंख, डोकं आणि शिंग असं सलग मारत गेलो. शिंगाचं टोक करून मी वळलो तेव्हा डावा पंख ऊन पडल्यावर असा दिसत होता की माझ्या अंगावर काटा आला. खराखुरा भुंगेरा. जेमतेम मिनिटभर. मग बारीक सूं सूं असा आवाज यायला लागला. पंखाला आधी टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली, मग ती एकमेकांत मिसळली, आणि मधला भाग खाली बसला. रंग पातळ करायला घातलेलं थिनर आतला फोम खात होतं. मी ओलं फडकं घेऊन धावलो, तर फडक्याबरोबर पंखाचं कातडंच निघून आलं. तोवर उजव्याची तीच गत. डोकं एका बाजूने बसलं. शिंग वाकलं आणि स्वतःच्याच वजनाने मोडलं. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. करायला गेलो काय आणि झालं काय, एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि तेही ऐकायला कोणी नव्हतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

साडेतीनच्या सुमाराला मी गच्चीवर बसलो होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. नंतर मी उरलेल्या तुकड्यांवरचा रंग थिनरच्या फडक्याने पुसून काढला, कॉम्प्रेसर गॅरेजला पोहोचवला, हात थिनरने धुतले, अंघोळ केली.

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी आली. मी तिला सांगितलं की अर्जकाकांची वासाची कटकट नको म्हणून मी ते भाग सकाळी वाऱ्याला गच्चीवर ठेवले, जेवून झोपलो, पाचला वर गेलो तर हे असं. ती वर गेली. मी मागोमाग गेलो. ती रडली नाही. पंखाशेजारी खाली बसून तिने बोटाने कड दाबून पाहिली आणि म्हणाली, "कोणी तरी थिनर ओतलंय. कोण करेल असं?"

तेव्हा मी म्हणालो, "परवाच्या अर्जात काका काय म्हणत होते गं?"

एवढंच म्हणालो. त्यांनी केलं असं मी म्हटलेलं नाही. बुधवारच्या जबाबातही मी 'संशय' असाच शब्द घातला आहे. पण साहेब, मी साठ वर्षांचा आहे, अर्ध्या वाक्याने काय होतं ते मला कळतं. साडेआठ वाजता आम्ही दोघं इथे आलो. तिने तक्रार दिली आणि मी खोटा जबाब दिला.

'खोटं का बोललात?' असं विचारल्यावरून सांगतो की, पहिल्या दिवशी भीतीने बोललो. ती मला कायमची तोडेल असं वाटलं. पुढच्या दिवसांचं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला लाज वाटते. अकरा महिने आमच्या घरात माझं आणि तिचं एक वाक्य सरळ झालं नव्हतं. बुधवारपासून ती माझ्याशी फार चांगली वागते. गुरुवारी सकाळी तिने मला चहा करून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर चांगल्यासाठीच वर ठेवलंत." कामावरून फोन करून जेवलात का विचारलं. काल माझ्याशेजारी बसून टीव्ही पाहिला, कारण मध्ये पंख नसल्यामुळे आता टीव्ही दिसतो. मी ते सगळं घेतलं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतलं.

गुरुवारी अर्जकाकांना इथे बोलावून दहा ते दोन बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. त्यांना सोमवारी परत यायला सांगितलं आहे. इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला जाणारे आता जात नाहीत. खालच्या दुकानात त्यांना बघून दोघं जण बोलायचे थांबले, हे मी स्वतः पाहिलं, आणि मी वाण्याकडून सुटे मोजून घेत राहिलो.

काल शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला ते मला जिन्यात भेटले. मी कडेने जायला बघत होतो. ते म्हणाले, "थांबा. बुधवारी दुपारी साडेतीनला मी पाण्याची टाकी बघायला वर आलो होतो."

मी म्हणालो, "मग?"

"तुम्ही तो पंख मांडीवर घेऊन बसला होतात. मी आल्या पावली परत फिरलो."

मी विचारलं, "मग गुरुवारी पोलिसांना का नाही सांगितलंत? चार तास होतात तिथे!"

ते म्हणाले, "ते सांगणं तुमचं आहे. दुसऱ्याच्या वतीने मी कधी अर्ज करत नाही. मला वाटलं आज कराल, उद्या कराल. सोमवारपर्यंत वाट बघेन म्हणतो."

एवढं बोलून ते दूध घेऊन वर गेले. हे सांगताना मला अजून संताप येतो, असं लिहावं. हा माणूस सात वर्षं दिवा, सायकल आणि वासावरून आमचं डोकं उठवतो, आणि नेमकं जिथे त्याने तोंड उघडायला हवं होतं तिथे गप्प बसतो! त्याने माझं नाव सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. मला शिव्या घालता आल्या असत्या. आता काय करू? दिवसभर गॅरेजमध्ये माझा हात चालला नाही.

काल संध्याकाळी मुलगी यायच्या आत पत्नीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "हात बघू."

मी हात पुढे केले.

"या आठवड्यात गॅरेजला पांढरी व्हॅन होती ना? तुम्हीच सांगत होतात, कंटाळा आला पांढऱ्याचा म्हणून. मग नखात हे हिरवं कुठलं?"

तिने हात सोडले आणि बराच वेळ भांडी घासली. मग पाठमोरीच म्हणाली, "बुधवारी आल्याआल्या मला अंघोळीच्या साबणाला थिनरचा वास आला होता. मला वाटलं, माणूस एक दिवस झोपेल आणि सकाळी उठून सांगेल. तुम्ही सांगताय का मी सांगू?" मी म्हणालो, मी सांगतो. तिने फक्त मान हलवली. बत्तीस वर्षांत ती मला कधी इतकं कमी बोलली नव्हती.

मी काल जेवताना सांगायला सुरुवात केली. मुलीने मला वाढलं आणि म्हणाली, "बाबा, रविवारचं मी त्यांना कळवून टाकते, येत नाही म्हणून. नुसतं धड घालून काय जाऊ?" मी तोंड मिटलं. आज सकाळी परत सुरुवात केली, तर ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" शेवटी मी म्हणालो, जबाबात एक दुरुस्ती करायची आहे, पोलीस ठाण्यात जाऊन येतो. तर 'एकटे कशाला जाता' म्हणून ती दुकानात रजा सांगून माझ्याबरोबर आली. ती या क्षणी बाहेर बाकावर बसली आहे. तिला अजून काही माहीत नाही. तिला वाटतं आहे की मी अर्जकाकांविरुद्ध आणखी काही सांगायला आलो आहे. येताना रिक्षातून उतरताना तिने माझा हात धरला होता.

हवालदारसाहेबांचं म्हणणं पडलं की हे असलं घरी सांगायचं असतं. साहेब, घरी सांगता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो? जबाब झाला की तो वाचून दाखवायचा नियम आहे, हे मला बुधवारी कळलं. माझी विनंती आहे की तिला आत बोलावून हा जबाब तिच्यासमोर, पहिल्या ओळीपासून, काही न गाळता वाचावा. मी मध्ये बोलणार नाही.

तरी वर लिहिलेलं नुकसान मी स्वतः, एकट्याने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, केलेलं आहे. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. खोट्या जबाबाबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

याप्रमाणे जबाब पुरा झाल्यावर मुलीला आत बोलावण्यात आलं आणि हवालदारसाहेबांनी तो तिच्यासमोर मोठ्याने वाचला. वाचायला अठरा मिनिटं लागली. मी खिडकीकडे बघत होतो. वाचून झाल्यावर तिने, वरच्या गृहस्थांविरुद्ध आपली तक्रार नाही, असं सांगून त्या कागदावर सही केली. त्यांची माफी मागायला आपण स्वतः जाऊ, कोणी बरोबर यायची गरज नाही, असं म्हणाली. मग साहेबांनी तिला विचारलं, "वडिलांविरुद्ध काही तक्रार आहे?"

मी तिच्याकडे बघितलं नाही.

"आहे," ती म्हणाली.

साहेबांनी नवा कागद ओढला.

"इथे नाही लिहायची," ती म्हणाली. "खूप मोठी आहे. घरी सांगते त्यांना. बसवून." आणि मला म्हणाली, "आटपा. किती वेळ लावताय?"

हे शेवटचं माझ्या सांगण्यावरून लिहून घेतलं आहे. आवाज चढा होता, हेही लिहावं. ऐकून मला बरं वाटलं.

सबब हा जबाब मी ऐकला, सांगितला तसाच उतरला आहे, त्यातला एकही शब्द मला काढायचा नाही, म्हणून खाली सही करतो. सही जरा लवकर घ्यावी. मुलगी दारात माझ्यासाठी थांबली आहे.